राणीचं पेय

पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरच्या धाकट्या मुलीला जुळं झालं, त्या वर्षी त्याची थोरली बहीण तापातून उठली आणि पाणी प्यायचीच बंद झाली. म्हणायची, "पाण्याला लोखंडाची चव येते." दूध नको, चहा नको. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "उद्या संध्याकाळपर्यंत दोन पेले पोटात गेले नाहीत, तर दवाखान्यात हलवायचं."

"दवाखान्यात गेले तर मी परत येत नाही," ताई म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

बाइंडरने चंग बांधला. नुकतंच त्याने घरगुती कृतींचं एक फार जुनं पुस्तक बांधलं होतं. पानं सुटी, आकडे उंदरांनी खाल्लेले. सगळी त्यानेच अंदाजाने लावून शिवली होती. त्यात कुणा राणीच्या आजारपणातलं पेय होतं. जव, मध, आलं उकळून घ्यावे. इथे पान संपलं. त्याने उलटलं. 'मग मैदा घालून घट्ट होईपर्यंत घोटावे. तुरटी टाकावी.'

तो घोटत बसला. बायको डोकावली.

"अहो, ही तर तुमची पुस्तकं चिकटवायची खळ!"

"राण्या काय प्यायच्या ते तुला ठाऊक आहे?"

"ती राणी जगली का, तेवढं बघा."

डाव पातेल्यात उभा राहिला, तरी त्याने हात थांबवला नाही.

"हे काय?" ताईने विचारलं.

"पेय. तीनशे वर्षांपूर्वीचं."

"तेव्हाच करून ठेवलेलं दिसतंय."

पण भाऊ वाटी घेऊन हलेचना. शेवटी तिने एक चमचा तोंडात घातला. गाल आत गेले, डोळे मिटले, जीभ टाळूला चिकटली.

"मेल्या! पाणी दे आधी!"

एक पेला गेला. दुसरा गेला. तिसरा तिने स्वतः ओतून घेतला. संध्याकाळी डॉक्टर खूश होऊन परतले.

त्या रात्री बाइंडरला अकरा पानं पुढे पेयाची उरलेली कृती सापडली. 'गाळून थंड करून प्यावे.' त्याने मुकाट्याने शिवण उसवली, पानं नीट लावली आणि सकाळी खरं पेय केलं. सोनेरी, नितळ. शेजारीण वास घेत दारात आली. ताईने एक घोट घेतला, "छान झालंय हो," म्हणाली आणि पेला खाली ठेवला. दिवसभरात दुसरा घोट नाही, पाणी तर नाहीच.

तिसऱ्या दिवशी बायकोने न विचारता मैदा चुलीवर चढवला. बाइंडरने तुरटी मोजून टाकली.

"आणलंस का ते कालवण?" ताई म्हणाली. "ठेव. आणि तांब्या काठोकाठ भर, परवा अर्धाच ठेवला होतास."

दीड महिना हे चाललं. मग पाण्याला पाण्याची चव आली.

बाइंडर त्यानंतर नऊ वर्षांनी, फेब्रुवारीत वारला. ताई त्याच्यामागे चार वर्षांनी, ऑगस्टमध्ये, घरीच गेली.