आग्नेल सरांचे पावणेदोन वेढे

मोकळी दोरी दिसली की आग्नेल सरांचे हात शिवशिवतात. मागच्या आठवड्यात माझ्या होमस्टेची कपडे वाळत घालायची दोरी गायब झाली. सापडली ती शेजारी, सरांच्या पडवीत, मासेमारीचं जाळं तरंगतं ठेवणाऱ्या बोयांवर गुंडाळलेली. पाहुण्यांच्या ओल्या चड्ड्या बाकावर रचलेल्या.

"एकेका बोयाक पावणेदोन वेढे! पेशीत डीएनए असोच रवता," सर म्हणाले. आता यावर रागावणार तरी कसं?

सर गोव्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन देवबागला आले, पण बसायला काही शिकले नाहीत. खाडीवरून दर्यावर, दर्यावरून खाडीवर फेऱ्या. डॉल्फिन कुठे दिसतील, असं विचारणाऱ्या माझ्या पाहुण्याला त्यांनी वाटेतच प्लाझ्मिड शिकवलं. प्लाझ्मिड म्हणजे डीएनएची इवलीशी अंगठी. जन्मभर सरांनी ती परक्या पेशींत घातली.

"उघडीवाघडी येता बिचारी. पण पेशी काय करता? आपल्याच प्रथिनांचे मणी काढता नि तेंच्यार तिका गुंडाळता. झाला क्रोमॅटिन! मगे परकी म्हणान वळखूक येवची नाय."

तेवढ्यात पाहुण्याची बोट सुटली.

सरांची सून जोनाली आसामची. मुलगा जहाजावर असतो, घरात ही दोघंच. लग्न होऊन आली तेव्हा तिचं हसू माझ्या अंगणापर्यंत ऐकू यायचं. मग आम्ही सगळ्यांनी हौसेने तिला मालवणी शिकवली, सोलकढी शिकवली. "आमचीच झाली गो!" म्हणून माझ्या बायकोने कौतुकाने गाव डोक्यावर घेतलं. तिचं हसू कधी थांबलं, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

परवा दुपारी सर माझ्या पायरीवर बसले. म्हणजे खरंच बसले. मला भीतीच वाटली.

"जोनाली उद्या माहेराक जाता. परत येतली काय, विचारूक धीर होणा नाय." जरा थांबून म्हणाले, "फार घट्ट गुंडाळल्यार ती अंगठी गप्प होता रे. आसता थंयच, पण कामच करणा नाय. आमी तिका तसाच केला काय रे?"

मला फार वाईट वाटलं. काही बोलणार, तोवर सर उठून तडक शेजारी आपल्या स्वयंपाकघरात गेले. तिथलं सगळं माझ्या पायरीवर ऐकू येत होतं.

"जोनाली, तुझी आवय करता तसा माशाचा आंबट कालवण कर आज. मी हाताखाली रवतंय. नि बोल तुझ्याच भाषेत."

भांडी वाजली. मग तिचा आवाज आला, आधी अडखळत, मग भरधाव. सरांनी मासा चुकीचा कापला असावा, कारण ती त्यांना आसामीतून चांगलीच झापत होती.

"माका कायएक कळणा नाय गो," सर म्हणाले. "पण तू थांबू नको."