पहिला तोडा

कापडी पिशव्यांचं गाठोडं स्कूटरला बांधून निलेश रोह्याहून परतला, तेव्हा पडवीत ओली गोणपाटं होती आणि भाजी नव्हती.

आदल्या संध्याकाळी त्याने आणि त्याच्या बायकोने, नूतनने, कंबर मोडेस्तोवर तोडलेली भाजी होती ती. भेंडी, गवार, शिराळी, काकड्या, दुधी. वैशाखाचं ऊन लागून कोमेजू नये म्हणून गोणपाट ओलं करून तिच्यावर पांघरलं होतं. आता गोणपाट उचललं की खाली फक्त जमीन लागत होती. निलेशने तरीही ते दोनदा उचलून पाहिलं.

तसं पाहिलं तर त्याचं सगळं नशीबच त्या गोणपाटाखाली होतं. रोह्याजवळच्या कारखान्यातली शिफ्टची नोकरी सोडून त्याने निडी गावातल्या घरच्या शेतात भाजीचा मळा धरला होता. पेण-रोह्यातली काही कुटुंबं मळ्याची सभासद झाली होती. त्यांनी हंगामाचे पैसे आधी भरायचे, मळ्यात जे पिकेल त्याचा वाटा दर रविवारी घ्यायचा, अशी योजना. ही माणसं जमवली होती पेणच्या अनसूयाबाईंनी. निलेशला सहावीत मराठी शिकवणाऱ्या बाईंनी शब्द टाकला म्हणून लोक आले; पण जमवताना त्यांनी एक अटही घातली होती. पहिल्या रविवारी सगळे मळ्यावर येणार, भाजी बघणार, आणि ज्याला पटणार नाही तो पैसे घेऊन मोकळा होणार. कारखान्यातले साहेब निलेशला म्हणाले होते, "तुझी जागा महिनाअखेरपर्यंत भरत नाही. नाही जमलं तर फिरून ये." हे फिरून जाणं त्याला स्वप्नात दिसायचं आणि तो दचकून उठायचा.

आज तो पहिला रविवार होता आणि पेणची मिनीबस निघाल्याचा फोन येऊन गेला होता.

गिरजाबाई ओट्यावर पाय चोळत बसल्या होत्या. भाजी कुठे गेली असं लेकाने विचारल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर थकलेलं समाधान पसरलं.

"वाटली रे बाबा. पाय मोडले माजे. पयलं देवीला ठेवलं, मंग घरोघर फिरले. एक घर सोडलं नाय."

"सगळी?"

"मंग काय माप लावून देयाची? पयला तोडा कवा विकलाय आपन? वेल जळून जातात."

यात त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, हीच पंचाईत होती. हंगामाचा पहिला तोडा देवीचा आणि गावाचा, ही रीत निलेशच्या जन्माआधीपासूनची. फक्त तेव्हा परसात चार वेल असायचे आणि एका टोपलीत काम भागायचं. यंदा भाजीचा ढीग बघून गिरजाबाईंना वाटलं, पोराला रीतभात कळायला लागली. निलेशने योजना सभासदांना नकाशे काढून समजावली होती, ग्रामसेवकाला सांगितली होती, कासूच्या टेम्पोवाल्यालाही सांगितली होती. आईला तेवढी सांगितली नव्हती, कारण ती काय, घरचीच.

तो मळ्यात धावला. वेल-झाडं काल झाडून खुडलेली. करंगळीएवढ्या भेंड्या त्याच्याकडे बघत होत्या. नागोठण्याच्या बाजारातून भाजी आणावी का, असं त्याने दबकत विचारलं, तर नूतनने मळ्यावरची पाटी दाखवली. तिच्यावर निलेशच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'आमच्या मातीतली, बिनविषारी.'

"मग जा आणि परत मागून आण," नूतन म्हणाली.

"दिलेली भाजी परत मागू?"

"नाहीतर बाईंना काय सांगशील?"

तो निघाला.

पहिलं घर सरूकाकीचं. ती ओट्यावर गवार निवडत बसली होती. निलेशने बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिने त्याच्या हातात कोकम सरबताचा पेला दिला आणि त्याच्या आईच्या हाताला कसं यश आहे हे सांगायला घेतलं. सरबत संपलं तेव्हा निम्मी गवार मोडून झाली होती. मोडलेली गवार परत मागायला कोणत्या तोंडाने सुरुवात करतात, हे त्याला सुचेना. तो नमस्कार करून उठला.

विठूकाकांकडे दुधी चुलीवर चढला होता आणि त्यात सुक्या कोलंबीचे सोडे पडले होते. निलेशने आडून आडून विचारलं, भाजी जास्त तर नाही ना झाली? विठूकाका म्हणाले, झाली होती खरी, म्हणून तर कासूच्या मेहुण्याला फोन केला. तो बायकापोरांसकट गाडीत बसलासुद्धा. "आनि तुज्या आयेला सांग, कमी पडली तर आनखी मागून नेईन," असंही त्यांनी वर प्रेमाने सांगितलं.

शेवटी निलेश महिपतीच्या दारात गेला. बांधावरून निलेशच्या वडलांचं आणि महिपतीचं वाजलं होतं, तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. गिरजाबाईंनी खरोखरच एकही घर सोडलं नव्हतं. निलेशने हिशेब केला, ज्याच्याशी बोलणंच नाही त्याच्याकडे मागायला लाज कसली?

महिपती मांडीवर काकड्या घेऊन ओट्यावर एकटाच बसला होता. निलेशला बघून तो उभा राहिला.

"तुजी आये आली व्हती. इतक्या वर्सांनी उंबऱ्याला पाय लागला तिचा," तो म्हणाला. "आनि मागून तू पन आलास. ते बांधाचं ऱ्हाऊ दे आता. बस."

निलेश बसला. बसण्याखेरीज काय करणार? घरी परतला तेव्हा वडिलोपार्जित भांडण मिटलं होतं आणि हातात एक भेंडीही नव्हती.

मिनीबस आली. आधी अनसूयाबाईंची छत्री उतरली, मग बाई, आणि त्यांच्यामागून त्र्यंबकराव. हे बँकेतून निवृत्त झालेले सभासद, आपला वाटा नीट मिळतोय ना हे बघायला घरून ताणकाटा घेऊन आले होते. बाकीचे मोबाइल काढून फोटोसाठी भाजी कुठे आहे ते शोधू लागले. निलेश वर्गात उभा राहावा तसा बाईंपुढे उभा राहिला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. लपवाछपवी त्याला सहावीतही जमली नव्हती.

त्र्यंबकरावांच्या हातातला काटा रिकामाच हलत होता.

"म्हणजे आमची भाजी गावाने खाल्ली?" त्यांनी विचारलं.

"खाल्ली कुठं?" गिरजाबाई पुढे आल्या. "आता कुठं चुलीवर चढली. तुमचा वाटा हाय ना तो? मंग चला की जेवाया."

अनसूयाबाई काही म्हणायच्या आत गिरजाबाईंनी वाटणी सुरू केली. हे दोघं सरूकडे, हे चौघं विठूकडे, कासूचे पाव्हणे आहेत पण सरकून बसतील. "तुमी माज्याबरोबर चला गो बाय, ऊन लागलंय तुमाला," त्या अनसूयाबाईंना म्हणाल्या. त्र्यंबकराव महिपतीच्या वाट्याला आले, कारण त्याच्याकडे जेवायला दुसरं कोणी नव्हतं.

उन्हं कलली तेव्हा ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला, तरी माणसं गोळा होईनात. सरूकाकीकडची मंडळी गवारीत ओवा कधी घालायचा ते शिकत होती. त्र्यंबकराव महिपतीच्या ओट्यावर घोरत होते. त्यांना उठवलं, तर त्यांनी पहिला प्रश्न केला की पुढच्या रविवारी पण पहिला तोडा असतो का. नसतो असं कळल्यावर त्यांचा चेहरा पडला.

बसच्या पायरीवर अनसूयाबाई थांबल्या.

"निलेश, पहिला तोडा गावाचा असतो हे आधी का नाही सांगितलंस? येताना गोड काहीतरी आणलं असतं. इतक्या घरांत रिकाम्या हाताने जेवलो आम्ही."

"चुकलं, बाई."

"पुढच्या रविवारी पिशव्या भरून ठेव. आणि पुढच्या हंगामाचा पहिला रविवार कोणता, ते तुझी आई ठरवेल. आम्ही सगळे येणार आहोत, एकजणही गळलेला नाही."

बस गेली. निलेशने तिथेच उभ्याउभ्या कारखान्यातल्या साहेबांना फोन लावला आणि माझी जागा खुशाल भरा, असं सांगितलं. सांगताना त्याने दोनदा नाक ओढलं. साहेबांना वाटलं, तो रडतोय, आणि ते त्याचीच समजूत घालू लागले.

मग त्याला भूक लागल्याची आठवण झाली. घरात भात होता, आमटीचा तळ होता. भाजी गावात कुठेच उरली नव्हती. मळ्याच्या मालकाने पाट घेतला आणि आमटीभात कालवला.

तेवढ्यात अंगणात पावलं वाजली. महिपती, झाकलेली वाटी घेऊन, कित्येक वर्षांनी या अंगणात उभा होता. आत यावं की नाही, हे त्याला कळत नव्हतं. गिरजाबाईंनी दुसरा पाट मांडला.

"तुज्यासाठी ठेवली व्हती," महिपती बसता बसता निलेशला म्हणाला. "दुधी पन ठेवला व्हता, पन तो पेनचा सायब उठल्यावर पुन्ना जेवला."

वाटीत काकडीची कोशिंबीर होती.