कान्हेरीची लेणी आणि आमच्या सासूबाई

शाळा लवकर सुटल्यामुळे मला फार शब्द येत नाहीत. पण जे येतात ते तरी नीट वापरावेत असा माझा प्रयत्न असतो. ('लेणी' हा शब्दही मी नीटच वापरला होता. हे आधीच सांगून ठेवतो.)

तारापूरला वीजघराचं बांधकाम चाललं होतं, तिथे मी सिमेंटच्या गोण्या उतरवून घेत असे. बोइसरला एक खोली घेतली होती. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसात ती अशी गळली की सासूबाई आल्या आणि हिराला सातपाटीला घेऊन गेल्या. दिवाळी उलटली तरी बायको माहेरीच. 'तिला परत पाठवा' असं तोंडावर म्हणायचं धाडस माझ्यात नव्हतं. म्हणून ठरवलं, आधी मायलेकींना फिरवून आणावं. खूश झाल्या की विषय काढावा.

सासूबाई अंगणात बोंबील वाळत घालत होत्या. मी त्यांच्या पायांकडे बघत म्हणालो, "हिराला कान्हेरीची लेणी दाखवावी म्हणतो. बोरिवलीला."

त्यांच्या हातातला बोंबील हातातच राहिला.

"कानाची लेनी?"

"हो, कान्हेरीची."

"किती हायेत?"

"शंभराच्या वर."

"आगो बाय! नवी का जुनी?"

"फार जुनी. दोन हजार वर्षांची."

"जुनी घडण आता कुठं मिलते! आन् गल्याचं?"

मला वाटलं, खोली गळायचं विचारतायत. मान खाली घालून म्हणालो, "तेही पावसाळ्याआधी करून टाकतो."

त्या दिवशी माझ्या ताटात पापलेट पडलं. (एरवी बोंबील.)

"तानीला संगत घेऊ," सासूबाई म्हणाल्या. "तिला पारख हाय."

त्यांच्या बहिणीला, तानीमावशीला, शिल्पकलेची पारख आहे हे मला नवीनच होतं.

रविवारी दोघी बहिणी ठेवणीतली लुगडी नेसून, अबोलीच्या वेण्या माळून हिराला घेऊन आल्या. बोरिवलीला उतरून नॅशनल पार्कातून चढण लागली, तशी तानीमावशी कुजबुजली, "जावई, एवढ्या रानात ठेवलीत? चोरी व्हत नाय?"

"उचलणार कोण?" मी म्हणालो.

"बंदोबस्त हाय म्हन की," ती समाधानाने म्हणाली.

वर पोचल्यावर मी हात पसरला. "ही बघा लेणी!"

"कुठं?"

"ही काय, समोर."

"हा तं कातल हाय!"

तानीमावशीने पुढे होऊन एका खांबावर नख घासलं. बारकाईने बघितलं. मग मान हलवली.

"मैना गो," ती सासूबाईंना म्हणाली, "दगूड हाय."

हिराने तोंडात पदर कोंबला होता. "आये, लेनी म्हंजे गुंफा. मला ठावं व्हतं."

"मग बोलली का नाय?"

"बोलले असते तं तू आली असती?"

सासूबाई एका गुंफेत दगडी ओट्यावर बसल्या. "हितं कोन ऱ्हायचं?"

"भिक्षू. एकटेच. बायको नाही, पोरं नाहीत."

त्यांनी दाराशी कोरलेलं पाण्याचं टाकं पाहिलं. मग वर पाहिलं. "छपर गलत नाय?"

"नाही."

"दोन हजार वर्सांत?"

हीच वेळ होती. सगळा धीर गोळा करून विचारलं, "हिराला कधी पाठवता?"

"गल्याचं करनार व्हतात ना? ते झालं की."

"झालं की!" मी आनंदाने म्हणालो. "कालच डांबर मारलं."

"गल्याला? डांबर?"

हिरा खालीच बसली. परतीच्या वाटेवर ती अधूनमधून थांबून हसत होती. सातपाटीच्या एस.टी.त चढताना सासूबाई वळल्या.

"जावई, लेनं आना नि पोर घेऊन जावा. पन या खेपेला उचलता येल असं आना."