सिकंदराची वारसनोंद

मार्चमधला दुसरा शनिवार, दुपार. अमेरिकेतलं मॉरिसव्हिल, आमच्या सोसायटीचं क्लबहाउस. हजर: देशमुखकाका, देशमुखकाकू, कानाचं मशीन घरी विसरलेले पाटीलकाका, विमलमावशी आणि मी. विषय: एप्रिलमधली सहल. प्रत्यक्षात झालेली चर्चा: सिकंदराने मृत्युपत्र का केलं नाही.

ज्येष्ठांचा हा कट्टा मी काही वर्षं चालवते आहे, आणि त्यातला बराचसा काळ आम्ही सिकंदराच्या मॅसिडोनियातच आहोत.

विमलमावशी नागपूरला दस्त नोंदणीच्या ऑफिसात होत्या. निवृत्त होऊन इथे मुलाकडे आल्या, पण ऑफिस काही सुटलं नाही. सिकंदराचं साम्राज्य त्यांच्या लेखी एक अडकलेलं प्रकरण आहे. "मरताना विचारलं, राज्य कोणाला? तर म्हणे, जो सर्वांत बलवान त्याला. हे काय नॉमिनेशन झालं? मी कागद तोंडावर परत केला असता!" मागे उरले कोण, तर एक भोळसर सावत्र भाऊ आणि बायकोच्या पोटातलं बाळ. "दोघांच्या नावावर राज्य चढवलं आणि कारभार सरदारांकडे. मग व्हायचं तेच झालं बाप्पा."

त्या राजघराण्याबद्दल त्या शेजारपाजारच्यांसारखं बोलतात. बाप फिलिपराव, आई ओलिंपियाबाई. "साप पाळायची म्हणून नावं ठेवतात तिला. अरे, नवरा दर मोहिमेवर नवी बायको करतो, तर तिने काय मांजर पाळायची?" सिकंदराने तलवारीने तोडलेल्या त्या प्रसिद्ध गाठीचंही त्यांना कौतुक नाही. "सोडवायला सांगितली होती. तोडायला काय, माझा मुलगासुद्धा कुरियरचा बॉक्स तसाच उघडतो."

तर या शनिवारी मी सांगत होते की बस नऊला निघेल, पाण्याच्या बाटल्या आपापल्या आणा.

"आणि वाटेतच त्या टॉलेमी सरदाराने सिकंदराचं मढं पळवलं," मावशी म्हणाल्या. "घेऊन गेला इजिप्तला. अंत्ययात्रा पळवलेली कधी ऐकली होती?"

"विमलताई, त्याला मरून तेवीसशे वर्षं झाली," देशमुखकाका कावले. "आता पुरे करा ना."

"कोण गेलं?" पाटीलकाकांनी घाबरून विचारलं.

सहल बाजूला राहिली. निघताना देशमुखकाकांनी मला गाठलं. "पुढच्या वेळी एक तर सिकंदर, नाही तर आम्ही. तू सेक्रेटरी आहेस, तूच सांग त्यांना." अशी कामं माझ्याकडेच येतात. मावशींना घरी सोडायचं कामही माझंच, म्हणून गाडीतच सांगून टाकलं.

"मावशी, ग्रीकांना थोडे दिवस सुट्टी देऊया का?"

मला वाटलं, आता टोमणा येणार. त्या मांडीवरची पर्स धरून म्हणाल्या, "दे. मलाही कंटाळाच आलाय."

सिग्नलला गाडी थांबली होती. मग त्यांनीच सांगितलं. त्यांची नात अन्वी शाळेत असताना ग्रीक देवांच्या गोष्टींनी वेडी झाली होती. मराठी कळायचं, पण उत्तर इंग्रजीत. "तिला माझं काही ऐकायचं नसायचं, आणि तिचं मला काही कळायचं नाही. म्हटलं, नोकरीत दर वर्षी नवे नियम शिकले, हे काय कठीण आहे?" मग लायब्ररीतली मुलांची पुस्तकं, शेजारी डिक्शनरी. संध्याकाळी सोफ्यावर अन्वी आजीची तोंडी परीक्षा घ्यायची. झ्यूसचे भाऊ किती? हेराचा राग कोणावर?

"मग ती मोठी झाली. देव संपले होते, म्हणून मी राजे घेतले वाचायला. म्हटलं, कॉलेजातून येईल तेव्हा बोलायला काही नवं हवं."

"आली का ती सुट्टीला?"

"काल आली. जेवताना म्हटलं, टॉलेमीची गंमत ऐक. तर हसली, मिठी मारली मला. म्हणाली, आजी, दॅट वॉज सिक्स्थ ग्रेड!" मावशीही थोड्या हसल्या. "गुणी आहे गं पोर. पण मग आम्ही दोघी नुसत्या जेवतच राहिलो."

सिग्नल सुटला.

"उद्या परत जाते. मटेरियल सायन्स शिकते आहे." शब्द त्यांनी घोकून ठेवलेला दिसत होता. "त्याचं लहान मुलांचं पुस्तक मिळतं का गं?"

मला भाजी घ्यायची होती, ड्रायक्लीनिंग आणायचं होतं. गाडी लायब्ररीकडे वळवली. तिथल्या बाईंनी कॉम्प्युटरवर बराच वेळ शोधलं. एक पुस्तक दुसऱ्या शाखेत आहे म्हणाल्या, मंगळवारी येईल.

"मंगळवारी ती इथे नाही," मावशी म्हणाल्या. मग स्वतःच मान हलवली. "चालेल. जूनमध्ये येईल ना. तोवर निम्मं तरी होईल माझं."

घरी येऊन बसचं बुकिंग केलं. सिकंदर सुट्टीवर गेल्याचं देशमुखकाकांना कळवलं. पुस्तक आणायचं बाकी आहे.