भरल्या पियालीचं निदान

"डॉक्टर फुप्फुस बघतात. त्या फुप्फुसाभोवती एक अख्खा माणूस असतो, तो मी बघणार!"

ताश्कंदहून प्रशिक्षण घेऊन परतलेल्या मुकद्दस नर्सने वॉर्डात पाऊल टाकताच हे जाहीर करून टाकलं. डॉक्टरने लिहायचं, न्यूमोनिया. नर्सने लिहायचं, त्या न्यूमोनियापायी माणसाचं काय झालंय. म्हणजे नर्सचं स्वतंत्र निदान! तेही तीन भागांत: त्रास काय, कशामुळे आणि कशावरून.

"निदानं नर्सच करायला लागल्या तर मी काय इंजेक्शनच्या सुया उकळत बसू?" डॉक्टर बहोदिर कडाडले.

पण दुपारी ताश्कंदच्या तपासनीसबाई येणार होत्या. त्यांना निदान पटलं तर नर्सना केसपेपरवर स्वतःचं पान मिळणार, नाही तर पुन्हा आपली थर्मामीटरं झटकायची.

"पोरी, साऱ्या वॉर्डाची अब्रू तुझ्या हातात आहे," हेडनर्स साओदतताईंनी बजावलं.

"ताई, तुम्ही निर्धास्त राहा!"

मुकद्दसने निवडले तुरोब आजोबा. उभा जन्म लग्नाघरी पुलाव शिजवण्यात गेलेला, रीतभात म्हणजे जीव की प्राण. ताप उतरला होता, पण आजोबा पाणी पीत नव्हते. ओठ सुकलेले, जीभ कोरडी. मुकद्दसने ऐटीत लिहिलं: शरीरात पाणी कमी, कारण, पिणं अपुरं, पुरावा, कोरडी जीभ. उपाय एकच. चहा पाजायचा, तोही मोजून! आता अर्ध्यामुर्ध्या पियालीचं माप कसं घेणार? म्हणून तिने बिनकानाची, वाटीसारखी ती पियाली चहाने काठोकाठ भरली आणि आजोबांपुढे ठेवली.

आमच्या फरगान्याच्या खोऱ्यात पाहुण्याला चहा द्यायचा तो घोटभर. पाहुण्याने पुन्हा मागावा, आपण पुन्हा ओतावा, तेवढाच तो जास्त वेळ बसतो. पियाली भरून देणं म्हणजे सरळ हातात नारळ! "प्या आणि चालू लागा!" हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मुकद्दसलाही होतंच. पण त्या दिवशी तिच्या डोक्यात नुसते मिलिलिटर खळखळत होते.

आजोबांनी पियालीकडे पाहिलं. मग मुकद्दसकडे.

"काठोकाठ?"

"काठोकाठ! तुमच्यासाठी खास!"

"बरं," आजोबा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

मुकद्दस खूश, नवं निदान सापडलं! तिने पहिलं निदान खोडून दुसरं लिहिलं: मन उदास, कारण, आजारपण, पुरावा, भिंतीकडे तोंड. उपाय? माणसाला माया हवी. म्हणून तिने स्वतःच्या हाताने दुसरी पियाली आणली, पहिलीपेक्षा भरलेली. चहा बशीत सांडत होता.

"आजोबा, ही संपवाच हं! मी इथेच उभी आहे!"

"कळलं, पोरी. एकदा सांगितलंस तेवढं पुरे होतं," आजोबा म्हणाले. त्यांनी उठून झगा चढवला, टोपी घातली, चपला शोधल्या आणि सुनेला फोन लावला. "ओयदिन, न्यायला या. इथल्या लोकांनी मला जायला सांगितलंय."

आता दवाखान्याने म्हाताऱ्याला घरी न्या म्हटलं की ऐकणारा काय समजतो ते सांगायला नको. ओयदिनने फोनवरच हंबरडा फोडला! शेजारीण धावली, शेजारणीने मोहल्ला उठवला, आणि बघता बघता वॉर्डात ही गर्दी उसळली. बायका रडतायत, थोरला मुलगा आजोबांचे पाय चेपतोय, आणि कुणीतरी विचारतोय, "मोठी कढई चढवायची का आताच?"

"तांदूळ जुनाच घ्या, नवा चिकट होतो," आजोबांनी सांगितलं. स्वतःच्या दिवसांचा पुलाव बिघडलेला त्यांना चालणार नव्हता!

"काय चाललंय हे?" डॉक्टर ओरडले. "अहो, हा माणूस बरा झालाय!"

"मग हाकलताय कशाला?" ओयदिन कडाडली.

मुकद्दसने घाईघाईत तिसरं निदान खरडलं: शोक, कारण, समजत नाही, पुरावा, अख्खा मोहल्ला. आणि नेमक्या त्याच वेळी तपासनीसबाई दारात उभ्या!

बाईंनी गर्दी पाहिली, खाडाखोड पाहिली, तशाच भरलेल्या दोन पियाल्या पाहिल्या आणि सरळ आजोबांच्या खाटेवर बसल्या.

"आजोबा, चहा का नाही घेतलात?"

"बाई, यजमानाने भरली पियाली पुढे ठेवल्यावर घोट घेत बसायला मी काय निर्लज्ज आहे? इथे पोरीने दोनदा ठेवली!"

साओदतताईंनी कपाळावर हात मारला. मुकद्दसला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. ती आजोबांपुढे वाकली, छातीवर हात ठेवला, एक पियाली रिकामी केली आणि तिच्यात घोटभर चहा ओतला.

"चुकलं, आजोबा. बसा ना अजून."

आजोबांनी तो चहा घटकन संपवून पियाली पुढे केली. तिने घोटभर ओतला. पुन्हा पुढे केली. किटली रिकामी झाली, दुसरी मागवली, तरी आजोबांची तहान भागेना! ओयदिन आता रडतही होती आणि हसतही होती.

"आता नीट निदान लिहा," बाई म्हणाल्या. "तिन्ही भाग. मी वाट बघते."

मुकद्दसने खूप वेळ पेन चावलं. मग लिहिलं: माहितीचा अभाव, कारण, शिक्षण डोक्यात गेलं, पुरावा, काठोकाठ भरलेली पियाली.

बाईंनी ते दोनदा वाचलं. "अगदी अचूक! नर्सचं पान मंजूर!" साऱ्या नर्सनी टाळ्या पिटल्या आणि डॉक्टर बहोदिर खिडकीबाहेर बघू लागले.

"फक्त एक राहिलंय," बाईंनी कागद परत दिला. "पेशंटचं नाव."

मुकद्दसने मान खाली घातली आणि स्वतःचं नाव लिहिलं.