बन्सी सरांचं अर्थिंग

विजेने माणसाशी कसं वागावं याचे नियम निसर्गाने घालून दिले आहेत आणि अख्ख्या बेलापुरात ते फक्त आपल्या घरी पाळले जातात, असं बन्सी सरांचं शांत आणि ठाम मत होतं.

मताला आधार होता. सरांनी अठ्ठावीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं होतं. घराच्या वायरिंगचा नकाशा त्यांनी स्वतः आलेख-कागदावर काढला होता आणि तो फ्रेम करून जिन्याखाली लावला होता. अंगणातल्या खड्ड्यात तांब्याची पट्टी पुरून, वर कोळसा-मिठाचे थर देऊन अर्थिंग केलं होतं, म्हणजे चुकार वीज कुठे सुटलीच तर तिने माणसाला न छळता गुपचूप जमिनीत निघून जावं. त्या खड्ड्यात सर दर रविवारी दोन बादल्या पाणी ओतत. गल्लीतली बाकीची माणसं तुळशीला पाणी घालायची. सरांच्या पत्नी रतनबाई बावीस वर्षं दोन्ही पाहत होत्या, आणि तुळस निदान वाढते तरी, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

अशा घरात मार्च महिन्यातल्या एका सकाळी मोनिका म्हणाली, "बाबा, लॅपटॉपला करंट येतोय."

मोनिका ही सरांची एकुलती एक मुलगी. पुण्याच्या एका कंपनीत होती. कंपनीने घरून काम करायची मुभा दिली, तशी तीन महिन्यांपूर्वी ती बॅग घेऊन बेलापूरला आली. आली त्या दिवशी दहा मिनिटांवर मीटिंग होती आणि लॅपटॉपचा प्लग बाहेरच्या खोलीतल्या जुन्या बोर्डात बसत नव्हता. सरांनी तोही दोन मिनिटांत बसवून दिला होता. तेव्हापासून घरात रोज दोन भाज्या होत होत्या, आणि संध्याकाळी सातला जेवणारे सर तिचं काम आटपेपर्यंत वर्तमानपत्र चौथ्यांदा वाचत बसत होते. ती आल्याचा आपल्याला आनंद झाला आहे, असं काही सर बोलले नव्हते. तसं बोलायची त्यांच्या घराण्यात पद्धत नव्हती.

"करंट येत नसतो," सर म्हणाले. "करंट वाहतो. आणि आपल्याकडे तो तारेतूनच वाहतो."

"मग माझ्या मनगटाला मुंग्या येतात त्या कशाच्या?"

"तू रात्री कुशीवर झोपतेस."

सरांनी लॅपटॉपच्या पत्र्यासारख्या झाकणावर हात ठेवून पाहिला. काही लागलं नाही. "बघ," ते म्हणाले. त्यांच्या पायात रबरी स्लीपर होती. नुकतेच ते पेपर घेऊन अंगणातून आले होते आणि रतनबाईंचं अजून लक्ष गेलं नव्हतं. आता गेलं.

"अहो, देवापुढं चपला?"

देवघर त्याच खोलीच्या कोनाड्यात होतं. सरांनी स्लीपर बाहेर काढली, शहाबादी फरशीवर अनवाणी उभे राहिले आणि शिकवायच्या ओघात पुन्हा झाकणावर हात टेकवला.

त्यांनी हात झटकन उचलला, चष्मा पुसला आणि टेस्टर आणायला गेले.

टेस्टर झाकणाला लावताच त्यातला लाल दिवा लागला. मोनिका वडिलांकडे पाहू लागली. रतनबाई देवाकडे.

"टेस्टर भोळा असतो," सर म्हणाले. "तो कशालाही पेटतो. मीटर खरं बोलतं." मीटरचं एक टोक झाकणाला आणि दुसरं, लांब तार जोडून, जिन्याजवळच्या अर्थिंगला लावलं. मीटर खरं बोललं. ब्याण्णव व्होल्ट.

"ब्याण्णव," मोनिका म्हणाली. "एवढे तर मला बारावीलाही नव्हते."

सर डगमगले नाहीत. त्यांनी झिरोचा एक बल्ब मीटरच्या दोन टोकांमध्ये जोडला. बल्ब लागला नाही, उलट मीटर झटकन शून्याजवळ आलं. "समजलं? दाब आहे, पण दम नाही. एवढासा बल्बसुद्धा पेटवायची ताकद नाही तिच्यात. चार्जरच्या आतून अगदी थोडी वीज निसटून पत्र्यावर येते. जीव जायचा नाही."

"जीव जायचा न्हाई म्हणून पोरीनं मुंग्या मोजत बसायचं का?" रतनबाई म्हणाल्या.

शास्त्राला या प्रश्नाचं उत्तर ठाऊक होतं. पायात चपला घातल्या की मुंग्या बंद. पण शास्त्र आणि देवघर एकाच खोलीत होतं, आणि खोली रतनबाईंची होती. शेवटी तह झाला. रतनबाईंनी माळ्यावरून पाट काढून दिला, मोनिकाने त्यावर पाय ठेवून काम करायचं. लाकडातून वीज जात नाही, हे सरांनी दोनदा सांगितलं. पाट शिसवी होता, चारी कोपऱ्यांना पितळी फुलं होती, आणि तो मोनिकाच्या लग्नात लागेल म्हणून पाच वर्षांपूर्वी घेऊन ठेवलेला होता.

त्या दिवशी दुपारी मोनिकाची परदेशातल्या ग्राहकांशी मोठी मीटिंग होती. तिने रेशमी कुर्ता घातला, केस नीट बांधले, टिकली लावली आणि पाटावर पाय ठेवून बसली. हे समोरच्या आक्काबाईंनी खिडकीतून पाहिलं.

आक्काबाई म्हणजे गल्लीतल्या सगळ्या सोयरिकी जिला आधी कळायच्या अशी बाई. पाट निघालेला, पोरगी नटलेली, आणि समोरच्या पडद्यावर चार-पाच माणसं ओळीने बसून तिच्याकडे पाहतायत. आक्काबाईंच्या भाचीचं मागच्या वर्षी असंच मोबाईलवर जमलं होतं. यात आणखी विचारायचं काय राहिलं? त्यांनी नारळ घेतला, ब्लाऊजपीस घेतलं, कुंकवाचा करंडा घेतला. चांगल्या कामाला जायचं तर पाय धुऊन घरात यावं, म्हणून अंगणातल्या नळावर पाय धुतले आणि ओल्या पावलांनी सरळ बाहेरच्या खोलीत आल्या.

"मला कळवलं न्हाई तरी मी आले बघ," त्या मोनिकाला म्हणाल्या. मोनिकाने हाताने खूण केली. ती खूण म्हणजे लाजणं, असा आक्काबाईंचा समज झाला.

"आक्का, मीटिंग चालू आहे."

"चालू दे की. यातला नवरा मुलगा कंचा? ह्यो टकल्या तर न्हवं?" आणि मुलगा नीट दिसावा म्हणून नारळ काखेत धरून त्यांनी लॅपटॉपचं झाकण दोन्ही हातांनी धरून आपल्याकडे वळवलं.

ओली फरशी, ओले पाय, आणि दोन्ही तळवे झाकणावर. शास्त्राला याहून चांगला प्रयोग मांडता आला नसता.

"आगं बया, चावलं मला," आक्काबाई ओरडल्या. नारळ कीबोर्डवर पडला, तिथून टेबलावर, तिथून देवघरापर्यंत घरंगळत गेला. पडद्यावरची पाच माणसं एकदम मागे सरकली, जणू नारळ त्यांच्याच अंगावर येत होता.

"मास्तर," आक्काबाई तळवे चोळत सरांना म्हणाल्या, "पोरीच्या सासरच्यास्नी वीज सोडून मारताय व्हय?"

संध्याकाळी मोनिकाच्या मॅनेजरचा फोन आला. आवाज मऊ होता. घरी कामासारखं वातावरण नसेल तर ऑफिसात जागा आहे, असं तो म्हणाला. फोन ठेवून मोनिका आईकडे वळली.

"आई, सोमवारपर्यंत हे नीट नाही झालं तर मी पुण्याला रूम घेते. ऑफिसातली अलफिया तिच्या फ्लॅटवर एक पलंग ठेवते म्हणालीय."

रतनबाईंनी सरांकडे पाहिलं. सरांनी वर्तमानपत्र वर केलं. ते उलटं होतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी आयुष्यात पहिल्यांदा बाहेरच्या माणसाला आपल्या वायरिंगला हात लावू दिला. खुर्शीद वायरमन त्यांचाच जुना विद्यार्थी. नववीत दोनदा बसला होता, आणि आता आसपासच्या पाच गावांच्या मोटारी त्याच्या हातून सुरू होत होत्या.

"सर, आधी अर्थिंग बघू."

"अर्थिंग बघायचं नाही. अर्थिंग मी केलेलं आहे."

"म्हनून तर बघायचं," खुर्शीद म्हणाला, पण हळू.

त्याने होल्डरला बल्ब लावला, एक तार फेजला आणि दुसरी अर्थिंगला धरली. बल्ब असा लख्ख पेटला की कोनाड्यातली समई फिकी पडली. जमिनीने वीज विनातक्रार ओढून घेतली होती. खुर्शीदने कानाला हात लावला. "मानलं, सर. असं अर्थिंग सबस्टेशनला पन नसंल."

सरांनी काहीच न झाल्यासारखं छताकडे पाहिलं. बावीस वर्षं, दर रविवारी दोन बादल्या.

"पन तुमचा ह्यो बोर्ड दोन भोकांचा हाय. अर्थिंग हितवर आलंच न्हाई, जिन्यापाशीच थांबलंय." त्याने जिन्यापासून हिरवी तार ओढून आणली आणि तीन भोकांचा नवा बोर्ड बसवला. दीड तास गेला. मोनिका उंबऱ्यात उभी राहून पाहत होती. सरांनी प्लग खोचला, झाकणाला मीटर लावलं.

ब्याण्णव.

मोनिकाने मोबाईल हातात घेतला आणि अलफियाचा नंबर काढला. सरांना तो पडदा दिसत होता.

"थांब," ते म्हणाले. आवाज वर्गातला नव्हता. "दहा मिनिटं थांब."

खुर्शीदने प्लग उपटून हातात घेतला आणि उलटापालटा केला. "सर, याला तिसरी पिनच न्हाई की. वरची जाड. अर्थिंग भोकात येऊन बसलंय, पन त्याला भेटायला कोनच जात न्हाई."

सरांनी प्लग डोळ्यांजवळ नेला. जाड पिनेच्या जागी एक गुळगुळीत, चकचकीत पितळी गोल होता. सरांच्या चेहऱ्यावर दोन दिवसांत पहिल्यांदाच रंग आला.

"बघितलंस? एवढी मोठी कंपनी, आणि पितळ वाचवते. माणसाच्या जिवापेक्षा बोटभर पितळ महाग. मोनिका, तुझ्या त्या मॅनेजरचा पत्ता दे. मी इंग्रजीत लिहितो."

खुर्शीदने पिशवीतून तीन पिनांचा नवा प्लग काढला आणि तार सोलून जोडला. या वेळी मीटर शून्यावर गेलं आणि तिथेच राहिलं. मोनिकाने पाट बाजूला सरकवला. गार फरशीवर अनवाणी उभी राहून तिने आख्खा तळवा झाकणावर टेकवला, आणि तसाच ठेवून दुसऱ्या हाताने अलफियाला फोन लावला. "अगं, पलंग नको," ती म्हणाली. "हो, नक्की. घरीच आहे."

रतनबाई स्वयंपाकघरात गेल्या. दुसरी भाजी कोणती करायची ते त्यांनी तिथूनच विचारलं. सर टेबलाशी बसून पत्र लिहीत होते. दुसरा परिच्छेद चालू होता, त्यात कंपनीच्या नैतिकतेचा विषय आला होता.

"सर, बोर्डाला एक स्क्रू कमी पडतोय," खुर्शीद म्हणाला.

"जिन्याखाली डब्या आहेत. सगळ्यांवर नावं लिहिलीत." सर काही टाकून देत नसत. त्यांच्याकडे तुटलेल्या बटणांचीसुद्धा डबी होती.

खुर्शीद डब्या चाळायला गेला आणि बराच वेळ आला नाही. मग एक छोटी डबी घेऊन आला आणि ती उघडून त्याने पत्राच्या शेजारी ठेवली. आत पितळेचा बोटाच्या पेराएवढा जाड तुकडा होता, करवतीने सरळ कापलेला. डबीच्या झाकणावर सरांच्या वळणदार अक्षरात, तीन महिन्यांपूर्वीची तारीख घालून लिहिलं होतं:

"मोनिकाचा लॅपटॉप. जाड पिन. बोर्डात बसेना म्हणून कापली. मीटिंग वेळेवर झाली."