भावोजींच्या जाळ्यातला गुन्हेगार

"बिघाड माझ्याशी खोटं बोलू शकत नाही," असं भावोजी म्हणत. "बोलायला गेला तर त्याचीच जीभ अडखळते." राऊटर आणि स्विच यांचे बिघाड शोधायच्या वर्गाला ते नुकतेच जाऊ लागले होते, पण आपला जन्म संगणकांच्या जाळ्यातले गुन्हे उकलण्यासाठीच झाला आहे आणि विमा कचेरीत गेलेली सगळी वर्षं म्हणजे निव्वळ वेषांतर होतं, याबद्दल त्यांच्या मनात शंका उरली नव्हती. वेषांतर इतकं बेमालूम होतं की कचेरीत शेवटपर्यंत कुणाला संशय आला नाही.

त्यांचा सहायक म्हणजे त्यांचा मेहुणा. स्वतःच्या घराचं रंगकाम चालू होतं म्हणून तो चार दिवस बहिणीकडे राहायला आला होता. रंगारी काही आटपेना आणि मेहुण्याला काही निघता येईना. बॅटरी धरणं आणि योग्य जागी "कमाल आहे!" म्हणणं ही कामं त्याच्याकडे आपोआप आली. पहिलं काम त्याला बरं जमे.

प्रकरण असं होतं. घरातलं नेट हल्ली रोज संध्याकाळी जायचं आणि जेवणाच्या सुमाराला आपलं आपण परत यायचं. एरवी कुणी एवढं मनावर घेतलं नसतं. पण मेहुण्याची ताई गणित शिकवायची आणि एका चांगल्या शाळेत तिची कायमची नेमणूक व्हायची होती. त्यासाठी तिनं घरूनच, संगणकावर, एक नमुना तास घेतला. अपूर्णांकांची बेरीज ऐन रंगात आली असताना नेट गेलं. ताईचा चेहरा तोंड उघडं ठेवून गोठला आणि मुख्याध्यापिकाबाईंनी तो तसा बराच वेळ पाहिला. बाई भल्या, म्हणून त्यांनी आणखी एक संधी दिली. ती आज पाच वाजता होती. तिसरी मिळणार नव्हती.

आणि चारच्या सुमारास नेट गेलं.

"अहो!" आतल्या खोलीतून ताईची हाक आली. "गेलं!"

"अपेक्षितच होतं," भावोजी शांतपणे म्हणाले. बैठकीच्या खोलीत ते सरावाला बसले होते. जुन्या बाजारातून आणलेला एक राऊटर टेबलावर दिवे लुकलुकवत होता. त्यांनी भिंग उचललं. "मेहुणेबुवा, बॅटरी."

"दिवस आहे, भावोजी."

"गुन्हा दिवसा झाला म्हणून तो उजेडात येत नसतो."

मेहुण्यानं बॅटरी लावली. भावोजी कोपऱ्यातल्या स्विचपुढे गुडघ्यांवर बसले. घरातल्या साऱ्या तारा त्या चपट्या डब्यात येऊन मिळत. त्याचे दिवे त्यांनी भिंगातून न्याहाळले.

"तिसरा दिवा दुसऱ्यापेक्षा घाईत आहे. अपराधी मनाचं लक्षण."

"कमाल आहे," मेहुणा म्हणाला.

"वरच्या मजल्यावरचे बँडवाले! नेट चोरतात. गल्लीच्या गणपतीत पैसे न घेता वाजवतात ते. माणूस फुकटात वाजवायला तयार होतो, म्हणजे त्याला फुकटची सवय असते."

दोघं वर गेले. बँडवाले आजोबा ट्रम्पेट पुसत बसले होते. नेट चोरता का, असं भावोजींनी आडून विचारलं. आजोबांनी भिंतीवरच्या तारवाल्या फोनकडे बोट दाखवलं. "माझ्याकडं हे एवढंच आहे. यातून चोरता येत असेल तर शिकवा."

खाली येताना भावोजींनी संशय धुलाईयंत्रावर नेला, कारण ते फिरताना तोंड बंद ठेवतं. मग सोफ्यामागच्या तारेवर, कारण ती फारच सरळ वागत होती. शेवटी ते एकदम थांबले आणि वळले.

"मेहुणेबुवा, हे प्रकरण सुरू कधी झालं? तुम्ही राहायला आल्यापासून!"

"मी तर बॅटरी धरून उभा आहे!"

"हुशार गुन्हेगार नेहमी तपासात मदत करतो."

मेहुण्याला आपल्या घराच्या ओल्या भिंतींची फार आठवण झाली.

"आणखी एक ध्यानात घ्या," भावोजी आवाज खाली आणून म्हणाले. "मी तपासाला बसलो की नेट जातं. मी थकून सामान आवरलं की येतं. याचा अर्थ एकच. तो माझ्यावर पाळत ठेवून आहे."

ताई दारात येऊन उभी होती. नवी साडी, हातात खडू. समोर फळा नसतानाही खडू हातात लागे तिला. चेहरा पांढरा पडला होता.

"अहो, पाचाला थोडाच वेळ राहिलाय. मला एवढंच सांगा, नेट जातं म्हणजे नक्की काय होतं?"

भावोजींना कुणी प्रश्न विचारला की ते बसून घेत. "सोपं आहे. घरातल्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता लागतो. तो राऊटर वाटतो. यंत्रानं विचारायचं, मी कोण? राऊटरनं सांगायचं, तू अमुक. पत्ता चुकीचा मिळाला की यंत्र भलत्याच दाराशी जाऊन उभं राहतं."

"म्हणजे वाटणारा एकच हवा."

"अर्थात! दोघं वाटायला लागले तर अनागोंदी होईल. पहिल्याच धड्यात आहे."

"आणि हा टेबलावरचा काय करतो?"

"हा?" भावोजींनी त्या जुन्या राऊटरवर मायेनं हात ठेवला. "हाही पत्ते वाटतो. मीच शिकवलं त्याला. झपाझप वाटतो, आपल्या घरातल्यापेक्षा चपळ आहे."

"आणि त्याची तार कुठं जाते?"

"स्विचमध्ये. खऱ्या जाळ्यावर सराव केल्याशिवाय..."

भावोजींनी राऊटरवरचा हात काढून घेतला. मेहुण्यानं बॅटरी विझवली. आता तिची गरज नव्हती.

ताईनं टेबलामागं हात घातला आणि प्लग उपटला. जुन्या राऊटरचे दिवे मालवले. ती आत गेली, संगणक बंद करून चालू केला, आणि थोड्याच वेळात आतून तिचा वर्गातला आवाज आला, "नमस्कार बाई, आता दिसतेय ना मी?"

तो तास मेहुण्यानं बाहेर बसून ऐकला. अपूर्णांकांची बेरीज शेवटपर्यंत गेली. भावोजी खुर्चीत मान खाली घालून बसले होते. मेहुण्याला त्यांची दया आली. काहीतरी बोलावं असं वाटलं, पण "कमाल आहे" सोडून दुसरं सुचेना, आणि ते आज म्हणवेना.

दार उघडलं. ताईच्या पदरावर खडूची पांढरी बोटं उमटली होती. "घेतलं मला," ती म्हणाली आणि मटकन सोफ्यावर बसली. मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं. आता घर डोक्यावर घेणार, असं मेहुण्याला वाटलं. पण तिला हसू फुटलं, आणि ते काही केल्या आवरेना.

भावोजींनी मान वर केली. घसा खाकरला.

"एक गोष्ट मात्र विसरू नका, मेहुणेबुवा," ते म्हणाले. "इतके दिवस झाले, पण गुन्हेगाराला मी क्षणभरही नजरेआड होऊ दिलं नाही."